८६ मोडके बाक आणि बिनपाटीचं वर्कशॉप: पाच वर्षं वापरून लिहितोय

दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव काय सांगू? सांगली जिल्ह्यातल्या विट्याहून आमच्या गावाकडे यायला लागलं की डाव्या हाताला खताचं गोदाम लागतं. त्याला खेटून पत्र्याचं शेड. पुढ्यात दोन-चार नांगर, एखादी ट्रॉली पालथी पडलेली, आणि एक लाकडी खुर्ची, जिच्यावर बसायला कुणालाच परवानगी नाही कारण ती मिस्त्रींच्या वडिलांची. पंचक्रोशीत सगळे नुसतं ‘मिस्त्रीकडं टाकलंय’ एवढंच म्हणतात. काय टाकलंय ते विचारायचं नाही. कुळव असेल, गेट असेल, पाळणा असेल. आम्ही शाळा टाकली होती.

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. पाचवी ते दहावी. नवीन वस्तू घेतली की आठ दिवसांत लोक पाच तारे देऊन मोकळे होतात; दुरुस्तीचं तसं नसतं. दुरुस्ती चांगली झाली की नाही हे तीन पावसाळे गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून आता लिहितोय.

आधी बाक मोडके का राहिले ते सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणेल शाळा काय झोपली होती का. अनुदानित शाळेत पगार सरकार देतं. खडू, वीजबिल, फुटलेली कौलं, मोडका बाक हे सगळं वेतनेतर अनुदानातून भागवायचं. हे अनुदान राज्याची तिजोरी अडचणीत म्हणून २००४ साली बंद झालं, ते २०१३ पासून पगाराच्या पाच टक्क्यांच्या हिशेबानं परत सुरू झालं. मधली नऊ वर्षं शाळेनं कशी काढली याचं उत्तर आमच्या अडगळीच्या खोलीत होतं. एकावर एक रचलेले बाक, छतापर्यंत. दर वर्षी पाच-सात मोडायचे, आमचे शिपाई मामा हातोडी घेऊन त्यातले दोन-तीन उठवायचे, बाकीचे आत जायचे.

मग २०२० आलं. एप्रिलमध्ये मार्चचा पगार दोन तुकड्यांत आला; आम्ही ‘क’ गटातले, पहिल्या हप्त्यात ७५ टक्के. ४ मेचा वित्त विभागाचा शासन निर्णय मी छापून फाइलला लावलाय, अजून आहे: विकासकामांना ३३ टक्केच निधी, नवीन योजना नको, नवीन भरती नको, फर्निचरची खरेदी नको. एका खोलीसाठी खासदार निधीतून पैसे मिळवायचे आमच्या संस्थेचे प्रयत्न चालले होते. केंद्रानं तो निधीच दोन वर्षांसाठी थांबवला. शिपाई मामा त्याच मे महिन्यात निवृत्त झाले. डिसेंबरात निर्णय आला की शिपायाचं पद आता भरायचंच नाही, त्याऐवजी शिपाई भत्ता. आमच्यासारख्या खेड्यातल्या शाळेला महिना पाच हजार. पाच हजारांत बाक ठोकणारा माणूस कुठला? झाडणारा मिळाला तेच नशीब.

आणि गंमत बघा. नेमकं त्याच वर्षी बाक दुप्पट लागायला लागले. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी-दहावी सुरू करायची परवानगी आली, अट अशी की एका बाकावर एकच विद्यार्थी. पोरं तेवढीच, एक दिवसाआड बोलावली तरी बाक पुरेनात. दहावीच्या एका तुकडीत तर मी स्वतः प्रयोगशाळेतली स्टुलं नेऊन ठेवली. स्टुलावर बसून मांडीवर वही घेऊन भूमितीची आकृती काढणारं पोर बघितलं की लिपिकालासुद्धा कसंतरी होतं.

शहरातल्या एका पुरवठादाराचं दरपत्रक मागवलं. दोघांच्या बसण्याचा लोखंडी सांगाड्याचा बाक, एक नग ३,८००. ८६ नगांचे झाले ३,२६,८००. वर सगळे पैसे आगाऊ. फोनवरचा पोरगा मला ‘सर, हा लिमिटेड पिरियड रेट आहे’ म्हणाला. मी म्हटलं, बाबा, आमची शाळा १९६५ पासून लिमिटेड पिरियडमध्येच आहे.

तेव्हा मुख्याध्यापक बाईंनी अडगळीची खोली उघडली. बाई गणिताच्या. त्यांनी बाक मोजले नाहीत, बाकांचे पाय मोजले. ‘भाऊसाहेब, यांतल्या बहुतेकांचे पायच गेलेत. वरचं धड बरं आहे.’ तिथून आम्ही मिस्त्रींच्या शेडवर आलो.

आता मूळ मुद्दा, काम.

मिस्त्री पन्नाशीचे, बुटके, एका कानात कायम पेन्सिल. पहिल्या दिवशी आम्ही नमुन्याला चार बाक नेले. त्यांनी टेप काढला नाही. बाक सपाट कोब्यावर ठेवला, स्वतः त्यात बसले, गुडघे हलवले, मग डावीकडं झुकले, उजवीकडं झुकले, पोरं झुकतात तसं. मग कानातली पेन्सिल काढून बाकावर आडवी ठेवली. पेन्सिल घरंगळत खाली गेली. ‘हितं ढाळ जास्त झालाय. पोराचा अर्धा तास पेन उचलण्यात जाणार.’ पुढं प्रत्येक बाकाला हीच परीक्षा. पेन्सिल थांबली पाहिजे, पण पाणी सांडलं तर मांडीवर न येता पुढं वाहिलं पाहिजे. हा एवढा बारीक ढाळ कुठल्या दरपत्रकात लिहिलेला मी आजवर बघितलेला नाही.

बाक सडतात कुठं, हेही तिथंच कळलं. वर्ग धुतला की पाणी पायांशी साचतं. पायांची रबरी बुचं हरवलेली असतात, पाणी चौकोनी नळीत आतून चढतं आणि चार बोटांचा तुकडा गंजून भुगा होतो. बाकी सांगाडा ठणठणीत. मिस्त्रींनी गंजलेला तेवढा तुकडा कापला, त्या जागी एक इंची चौकोनी नळी जोडली, आणि खालचं तोंड उघडं न ठेवता पट्टी मारून बंद केलं. बुच त्याच्यावरून. म्हणजे बुच हरवलं तरी पाणी आत जाणार नाही. ही त्यांची स्वतःची अक्कल. आम्ही सांगितलेलं नव्हतं, आणि जादा पैसेही लावले नाहीत. वेल्डिंगची टोकं ग्राइंडरनं घासून त्यांनी बायकोला बोलावलं आणि तिच्या जुन्या ओढणीनं सगळे कोपरे पुसून घेतले. ओढणी अडकली तिथं परत ग्राइंडर. ‘पोरींचे डरेस फाटत्यात वो. माझ्याच पोरीचे दोन फाटल्यात तुमच्या शाळंत.’ मी गप्प.

दर ठरला नगाला ६५०. कापणं, जोडणं, रेड ऑक्साइडचा एक हात, रंगाचे दोन हात, लागेल तिथं नवे बोल्ट. ८६ चे ५५,९००, आणि टेम्पोच्या खेपांचे ३,६००. एकूण ५९,५००. नव्या बाकांच्या पाचव्या हिश्शाहून कमी.

तरी हे पैसे आणायचे कुठून? आमचा भाग गलाईवाल्यांचा. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, तामिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत कुठल्याही सराफकट्ट्यात जा, आपली बोली ऐकू येते. एरवी शाळेच्या कार्यक्रमाला पावतीपुस्तक घेऊन बसलं की त्यांचीच नावं वर. पण २०२० मध्ये सराफकट्टेच बंद, लग्नं नाहीत, दागिना मोडायला नाही की घडवायला नाही. विट्यातले यंत्रमागही थांबलेले. अशा वर्षी मागायला तोंड नव्हतं. बाईंनी एक केलं: रक्कम मागितली नाही, बाक मागितला. १९९४ च्या दहावीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मोडक्या बाकाचा फोटो आणि खाली एक ओळ, ‘याचे पाय ६५० रुपयांत परत येतात.’

कोइम्बतूरच्या एकानं दुकान बंद असताना आठ बाकांचे पाठवले. मागावर काम करणाऱ्या एकानं दोनशे पाठवले आणि लिहिलं, ‘एका पायाचे घ्या.’ हिशेबानं एका पायाचे १६२ रुपये ५० पैसे होतात, म्हणजे त्याचे साडेसदतीस वर आले, ते मी पावतीत पूर्ण दोनशेच धरले. महिनाभरात ७१,५०० जमले. आमची संस्था रयत शिक्षण संस्थेची नाही, पण कर्मवीर अण्णांचा, म्हणजे भाऊराव पाटलांचा, मुष्टिफंड आमच्या भागात माहीत नाही असं घर नाही. जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते बोर्डिंगातल्या पोरांसाठी. माझी आजी सांगायची की मूठ देताना बाई स्वतःची मूठ बघत नाही, शेजारणीची बघते. व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच झालं. यादी टाकली की दर तासाला वाढायची.

आता तक्रारी. त्या नाही लिहिल्या तर हा अभिप्राय नाही, जाहिरात होईल.

पहिली, वेळ. पंधरा दिवस म्हणाले होते. पहिले तीस बाक पंधरा दिवसांत आलेही. दुसरे तीस यायला फेब्रुवारी उजाडला, कारण मध्ये उसाच्या ट्रॉल्या आल्या. हंगामात त्यांच्याकडं ट्रॉली आली की शाळा, देऊळ, कुणीही असो, मागं. हे त्यांनी तोंडावर सांगितलं, ‘ट्रॉली थांबली तर ऊस वाळतोय, बाक थांबला तर काय वाळतंय?’ उत्तर होतं माझ्याकडं, पण दिलं नाही, कारण बाक त्यांच्या ताब्यात होते.

शेवटचे २६ तर एप्रिल २०२१ मध्ये अडकले. तेव्हा कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडं वळवला होता. मिस्त्रींकडं गॅस कटिंगला सिलेंडर एकच, तोही त्यांनी भरायला नेला नाही. ‘आत्ता त्यो मागायची लाज वाटती,’ म्हणाले. उरलेल्या नळ्या कटर मशीननं आणि करवतीनं हातानं कापल्या. ही तक्रार म्हणून लिहायला घेतली होती, पण राहू दे. पोरं तशीही घरी होती, दहावीची परीक्षासुद्धा रद्द झाली. जुलैत कोविडमुक्त गावांतल्या शाळांत आठवीपासूनचे वर्ग सुरू झाले, त्याच्या दोन दिवस आधी शेवटची खेप आली.

दुसरी तक्रार खरी आहे. लोखंडाचा भाव त्या सहा महिन्यांत रोज वर जात होता. दर ठरला होता ६५०, तो मिस्त्रींनी वाढवला नाही, पण शेवटच्या खेपेत काही बाकांना १८ गेजऐवजी २० गेजची पातळ नळी वापरली. सांगितलं नाही. २०२३ च्या जूनमध्ये त्यातले सात बाक पायाशी वाकले. मी वाकलेला तुकडा घेऊनच गेलो. मिस्त्रींनी तो हातात घेतला, नखानं कड दाबली आणि म्हणाले, ‘तवा पैसं न्हवतं भाऊसायेब, आन् तुमाला वाढवून मागायचं जीवावर आलं.’ ते बाक फुकट करून दिले. मला विचाराल तर त्यांनी तेव्हाच नगाला पन्नास रुपये वाढवून मागायला हवे होते. आमच्याकडं शिल्लक होती. लाजेखातर माल हलका लावणं हे आपल्याकडच्या चांगल्या कारागिरांचं जुनं दुखणं आहे.

तिसरी माझ्या टेबलाची. पक्कं बिल मिळत नाही. त्यांची उलाढाल छोटी, जीएसटीची नोंदणी नाही, आणि तशी ती लागतही नाही. कोऱ्या कागदावर हातानं लिहिलेलं बिल, खाली एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आणि त्याच्यावर सही. आम्हाला चाललं, कारण पैसा देणगीचा होता, पावत्या फाडलेल्या होत्या, आणि रंगवलेल्या प्रत्येक बाकाखाली मी क्रमांक घातला होता. अनुदानातून करायचं असेल तर तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, शाळा समितीचा ठराव हे सगळं आधी करून ठेवा. लेखापरीक्षकाला ‘मिस्त्री चांगले आहेत’ हे कारण पुरत नाही. मी प्रयत्न करून बघितलाय.

रंगाबद्दलही बोलायला पाहिजे. आम्ही करडा सांगितला होता. आला निळा, ट्रॅक्टरच्या बोनेटचा निळा, त्यांच्याकडं डबे उरले होते म्हणून. बाईंना राग आला होता. पोरांना आवडला. आता त्या वर्गाला सगळे ‘शोरूम’ म्हणतात.

फळ्यांची गोष्ट राहिली. आमचे वीसेक बाक जुने, सागवानी फळ्यांचे. त्यांच्यावर कर्कटकानं कोरलेली नावं, बाण, बदाम, एका ठिकाणी पायथागोरसचं सूत्र, तेही चुकीचं. रंधा मारून सगळं साफ करायचं ठरलं होतं. मिस्त्रींनी पहिली फळी रंध्याखाली घेतली आणि थांबले. ‘हे खरवडलं तर अर्धा इंच फळी जातीय. उलटी करू?’ फळ्या उलट्या केल्या. वर गुळगुळीत सागवान, नावं खाली.

पुढच्या दिवाळीत कोइम्बतूरवाला गावी आला तेव्हा शाळेत आला. देणगीदार म्हणून बाईंनी चहा मागवला. तो म्हणाला, चहा राहू द्या, माझा बाक कुठला? क्रमांक बघून मी दाखवला. पांढऱ्या पँटीत तो गृहस्थ फरशीवर उताणा झोपला, बाकाखाली डोकं घातलं, मोबाइलची बॅटरी लावली. बराच वेळ काही बोलला नाही. मग आतूनच विचारलं, ‘भाऊसाहेब, हे शेजारचं नाव कुणाचं ते वाचता येतंय का तुम्हाला?’ मला येत होतं. मी चष्मा विसरलोय म्हणालो.

असो. मार्क द्यायचे तर कामाला पाचपैकी साडेचार, वेळेला दोन, कागदपत्रांना एक. ८६ पैकी आज ७९ बाक वर्गात उभे आहेत. उरलेल्या सातांतले पाच २० गेजवाले परत मोडले. पातळ नळीला जोड किती टिकणार? दोन बाकांच्या फळ्या वाळवीनं खाल्ल्या, त्यात मिस्त्रींचा दोष नाही. आम्ही शिल्लक राहिलेल्या १२,००० मधून हात धुवायच्या नळांची रांग आणि प्रयोगशाळेतल्या ट्यूब केल्या, त्यातला एक नळ गळतो. तो वेगळ्या माणसानं बसवला होता.

माझ्याच टेबलासमोर २०१७ साली लोकवर्गणीतून घेतलेला डिजिटल फळा पडदा पांघरून उभा आहे. त्याचा एक भाग गेला, तो बदलणारा माणूस आमच्या बाजूला येत नाही, आणि कंपनीच्या फोनवर फक्त गाणं वाजतं. बाकाचा पाय गेला तर मी सायकलवरून जाऊन सांगू शकतो. पुढच्या वेळी वर्गणी काढताना हा फरक ठरावात लिहायचा, असं मी दोनदा सुचवलंय. ठरावात अजून आलेलं नाही.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. ऊस चालू असताना जाऊ नका. पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या आधी जा. नळीचा गेज बिलावर लिहून घ्या, त्यांना राग येत नाही. निम्मे पैसे आधी, निम्मे खेप उतरल्यावर. टेम्पो तुमचा, कारण त्यांच्या ओळखीचा टेम्पोवाला वाटेत कोंबड्या घेतो. रंगाचा डबा तुम्हीच विकत आणून द्या. आणि त्या लाकडी खुर्चीवर बसू नका.

आमचे पाच बाक परत टाकायचेत. शनिवारी सकाळची शाळा आहे, सुटल्यावर नेतोय.